थेलीसवाले डॉक्टर

मी एकदा लंडनमध्ये पुण्याचं ग्रहण पाळलं.

कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. मुलाकडे लंडनच्या स्टॅनमोरला येताना मी बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि पुण्यात छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आले होते. ते किचनमध्ये लावलं. त्यात सर्वपित्री अमावास्येच्या चौकटीत लिहिलं होतं: सूर्यग्रहण, दुपारी. झालं. सूर्य एक, ग्रहण एक, दुपार ती दुपार. बाई अडाणी असती तर सोडून दिलं असतं. पण हिनं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला! ग्रिनिचला बारा वाजले तर भारतात किती, याचं उत्तर चुकलं म्हणून पोरींना बाकावर उभं केलेलं. आणि आता ते ग्रिनिच घरून ट्रेननं जाऊन येण्याइतकं जवळ. दोन हजार सालानंतरची गोष्ट, तेव्हा मी नुकती साठी ओलांडली होती. म्हणजे अक्कल यायला अजून वेळ होता.

त्या चुकीमुळे मला डॉक्टर टिपणीस कळले, म्हणून आधी चूक सांगितली. आता डॉक्टर.

टिपणीस आमच्या अगदी शेजारचे. लीड्सच्या हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर होते, रिटायर होऊन स्टॅनमोरला आले. मूलबाळ नाही. पत्नी, मालतीबाई, मी तिकडे जायच्या आधीच गेलेल्या. उंच, किंचित वाकलेले, कार्डिगनचं बटण नेहमी एक काजं चुकवून लावलेलं. आणि तोंडात एक शब्द, जो एजवेअरपासून हॅरोपर्यंतच्या मराठी मंडळींना पाठ झाला होता. 'कशावरून?'

पहिल्या भेटीत मी कुंपणावरून म्हटलं, "थंडी फार आहे नाही आज?"

"कशावरून?"

"अहो, मी कुडकुडतेय!"

"हां. हे ठीक आहे," म्हणाले आणि घरात निघून गेले. पुरावा मिळाल्यावर आणखी काय बोलायचं?

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पूजा सांगणारे गुरुजी (एरवी सोम ते शुक्र अकाउंटंट) म्हणाले, "यजमानांची भरभराट होईल." मागून प्रश्न आलाच. गुरुजी वैतागले, "टिपणीस, निदान देवासमोर तरी!" डॉक्टर शांतपणे, "रागावू नका हो. विचारलं फक्त." जीपीकडच्या, म्हणजे तिथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरकडच्या, रिसेप्शनिस्टलाही ते इंग्रजीतून हेच विचारायचे. ती म्हणायची, "स्क्रीनवर तसं लिहिलंय, लव्ह."

त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे. एक तर वय, त्यात डॉक्टर. लोक "हो डॉक्टर, बरोबर डॉक्टर" म्हणत आणि हळूच सामोशांच्या टेबलाकडे सरकत. मीसुद्धा तेच करायची.

या 'कशावरून'चं मूळ होतं थेलीस. "आमचा थेलीस म्हणायचा..." अशी त्यांची निम्मी वाक्यं सुरू होत. मी बरेच दिवस समजत होते, लीड्सला त्यांच्यासोबत कुणी ग्रीक डॉक्टर असेल. एकदा विचारलं, "आता कुठे असतात ते?"

"वारले."

"अरेरे. कधी?"

"अडीच हजार वर्षं होऊन गेली."

मग त्यांनी मला त्यांच्या किचनमध्ये बसवून थेलीस सांगितला. समोर नळाच्या पाण्याचा ग्लास ठेवला. पाहुण्याला चहा नाही, कॉफी नाही, पाणी. कारण थेलीसच्या मते सगळं जग पाण्यातूनच झालं. मिलेटस नावाच्या ग्रीक बंदरातला हा तत्त्वज्ञ माणूस. आकाशाकडे बघत चालताना विहिरीत पडला, आणि एक कामवाली पोरगी त्याला हसली, असं सांगतात. ती पोरगी मला फार आवडली. तिच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

"त्याच्याआधी लोक विचारायचे, भूकंप कुणी केला?" डॉक्टर म्हणाले. "थेलीसनं विचारलं, कशानं झाला? बस्स, वहिनी. एवढंच केलं त्यानं. तिथून सगळं सुरू. तुमचं पेनिसिलिनसुद्धा."

"माझं कुठलं पेनिसिलिन?"

"बरं, माझं."

"मग कशानं झाला म्हणे भूकंप?"

"पाण्यानं. पृथ्वी पाण्यावर लाकडासारखी तरंगते. पाणी हललं की ती हलते."

"काहीतरीच! चूकच की हे."

"साफ चूक!" डॉक्टर एवढ्या आनंदानं ओरडले, की जणू भाचीचं लग्न ठरल्याची बातमी होती. "आणि ते सांगितलं कुणी? त्याच्याच शिष्यानं!"

शिष्याचं नाव आगगाडीएवढं लांब. डॉक्टर त्याला अनंता म्हणत, कारण सगळं जग कुठल्याशा अनंतातून आलं असं तो मानायचा. तर हा अनंता गुरूला म्हणाला, पृथ्वी पाण्यावर, तर मग पाणी कशावर? आणि त्यानंच उत्तर दिलं, पृथ्वी कशावरच नाही. नुसती मधोमध आहे. पडणार कुठे? सगळ्या बाजू सारख्याच.

मी ग्लास खाली ठेवला. वर्गात मी पितळी दांड्यावरचा पृथ्वीचा गोल फिरवून दाखवायचे. दांडा काढला तर काय, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि या माणसाला दांडा, गोल, दुर्बीण काही नसताना, नुसत्या विचारानं, पायाखाली काहीच नाही हे दिसलं! त्या दिवशी घरी येऊन भांडी विसळताना मी दोनदा पायानं फरशी चाचपून बघितली.

डॉक्टरांचं दुसरं वेड सावल्यांचं. थेलीसनं म्हणे आपली सावली आपल्याएवढी झाली त्या घटकेला पिरॅमिडची सावली मोजली आणि उंची काढली. डॉक्टरांना तसंच आमच्या रस्त्याच्या टोकाचं झाड मोजायचं होतं. पण इंग्लंडात हिवाळाभर सूर्य तेवढा वर येतच नाही. एप्रिल उजाडावा लागतो, आणि एप्रिलमध्ये सूर्यही उगवावा लागतो. ते लॉनवर ताठ उभे राहून तासन्‌तास आपल्या सावलीकडे बघत. पलीकडची इंग्लिश बाई मला कौतुकानं म्हणाली, "तुमच्याकडचा योगा फारच शांत असतो."

आता ती अमावास्या.

माझी सून ऋता नागपूरची, सॉफ्टवेअरमध्ये, सहावा महिना चाललेला. पहिलंच नातवंड. मी आधीच बजावलं होतं, दुपारी ग्रहण आहे, खोलीत पडदे लावून बसायचं, सुरी-कात्रीला हात लावायचा नाही. पोटातल्या पोराचा ओठ फाटतो, असं माझी आई सांगायची, तिला तिच्या आईनं सांगितलेलं. ऋता म्हणाली, "आई, काही नाही होत हो." पण सुट्टी काढली बिचारीनं. नागपूरची माणसं तोंडानं नाही म्हणतात आणि वागतात तुमच्या मनासारखं.

सकाळी मी वड्यांचा घाणा काढला, खीर केली. खिडकीतल्या तुळशीला इंग्रजी हवेत मोजकीच पानं उरलेली, ती दुधाला आणि पाण्याला पुरवली. फ्रिजमधले बाकीचे डबे देवाच्या हवाली केले. आणि ऋताला म्हटलं, "दुपारी कोंडून बसायचंय, आत्ताच अंगणात ऊन खाऊन घे." एका हातात वड्यांचा झारा, दुसऱ्यात तिचा हात, असं मी स्वतः तिला बाहेर नेलं, खुर्ची मांडली. ऊन जरा मलूल होतं. पण इंग्लंडात उजेड कमी झाला म्हणून संशय कुणाला येणार?

कुंपणापलीकडे डॉक्टर भोक पाडलेला पुठ्ठा उन्हात धरून खाली जमिनीकडे बघत होते. आम्हाला पाहून त्यांचे डोळेच भरून आले.

"वा, वहिनी! सूनबाईंना ग्रहण दाखवायला बाहेर आणलंत! या अवस्थेत! थेलीसनं तुम्हाला नमस्कार केला असता."

"कसलं ग्रहण? ग्रहण दुपारी आहे."

"कशावरून?"

"कॅलेंडरवरून!"

"कुठलं कॅलेंडर?"

"पुण्याहून आणलंय मी." आणि ते बोलता बोलताच मी मनगटावरच्या घड्याळात साडेचार तास मिळवले. पुण्यात दुपार झाली होती.

डॉक्टर हसले नाहीत. फक्त हळू विचारलं, "तुम्ही भूगोल शिकवायचात ना?"

मी ऋताला आत ओढायला धावले. हातात वड्यांचा झारा तसाच. डॉक्टर म्हणाले, "थांबा. झारा वर धरा. आकाशाकडे बघू नका, खाली बघा. आणखी उंच."

खाली बघितलं आणि हात तसाच राहिला. झाऱ्याच्या सावलीत, जिथे भोकांचे गोल ठिपके पडायला हवेत, तिथे चंद्रकोरी पडल्या होत्या. जेवढी भोकं तेवढ्या कोरी, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या, फरशीवर नुकत्या सांडल्यासारख्या. नुसत्या झाऱ्याखालीच नाही. सफरचंदाच्या झाडाखाली पानापानांमधून शेकडो कोरी गवतावर हलत होत्या. माझ्या अंगणात, मला न विचारता, शेकडो सूर्य.

"आई, बघा नं!" म्हणत ऋता उठली आणि झाऱ्याच्या उजेडात येऊन उभी राहिली. कोरी तिच्या पोटावर पडल्या. मी किंचाळले. पण झारा खाली घ्यायचं भान राहिलं नाही, इतकं ते सुंदर होतं.

लहानपणापासून मी ऐकलं होतं, राहू सूर्य गिळतो. गिळला असता तर दातांच्या खुणा नसत्या का दिसल्या? ही कड तर कंपासनं काढलेली.

"ती चंद्राची कड," डॉक्टर कुजबुजले, देवळात बोलावं तसं. "आज अमावास्या. एरवी न दिसणारा चंद्र तुम्ही आत्ता फरशीवर बघताय."

अमावास्येला चंद्र दिसत नाही, हे मी किती वर्षं फळ्यावर लिहिलं होतं!

"थेलीसनं असं ग्रहण आधी सांगितलं होतं म्हणतात," ते म्हणाले. "दोन सैन्यं लढत होती, भर दिवसा अंधारलं, आणि त्यांनी तह केला."

"खरंच सांगितलं होतं?"

"शंका आहे मला," ते खिन्नपणे म्हणाले. लाडक्या थेलीसलाही सूट नव्हती.

ऊन पूर्ववत झालं, कोरींचे पुन्हा ठिपके झाले, आणि मग मला भीती वाटायला लागली. माझ्या हातानं मी तिला बाहेर नेलं होतं. डोकं म्हणे, सावली आहे, सावलीनं कुणाचा ओठ फाटत नाही. पण भीती डोक्यात राहत नाही ना. मी जेवेना, मुलाशी धड बोलेना. डॉक्टरांना समजलं. मला वाटलं, ते भाषण देतील. ते म्हणाले, "मी डॉक्टर आहे म्हणून माझं ऐकू नका. मी पुरावा आणतो."

आणि मंडळाच्या दिवाळीत, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये, हा माणूस पैठण्या नेसलेल्या बायकांना एकेक करून गाठू लागला. "माफ करा, तुम्ही गरोदर असताना ग्रहण पाळलं होतंत का? नाही? आणि मुलं कशी आहेत?" कुणी हसल्या, एकीनं नवऱ्याला हाक मारली, एकीनं मुलालाच ओढून आणलं, "हा बघा, दिसायला बरा आहे, फक्त ऐकत नाही." घामाघूम होऊन डॉक्टर माझ्याकडे आले. "वहिनी, ज्यांनी पाळलं नाही त्यांचीही सगळी मुलं उत्तम. सगळी!" मी म्हटलं, "हो डॉक्टर." आणि सामोशांकडे सरकले. भीती तशीच सोबत आली.

जानेवारीत ऋताला मुलगी झाली. हॉस्पिटलात नर्सनं दुपटं बाजूला केलं तेव्हा मी आधी ओठ बघितले, मग सगळं बघितलं, मग काहीच दिसेना, चष्मा भिजला होता.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या पावडरीचे पेढे घेऊन डॉक्टरांकडे गेले. "मुलगी. नाक, कान, ओठ, सगळं जागच्या जागी."

डॉक्टरांनी पेढा हातात धरला आणि लहान मुलासारखे उजळले. "बघा! सिद्ध झालं!"

इथे मान हलवून घरी यायचं होतं. पण जीव भांड्यात पडला की माझी जीभ सुटते.

"काय सिद्ध झालं? एक पोर नीट जन्मली एवढ्यानं काय सिद्ध होतं? आणि तुमची ती दिवाळीतली चौकशी. हॉलमध्ये आल्या कोण? ज्यांचं नीट झालं त्याच ना? जिचं काही बरंवाईट झालं असेल, ती कशाला येईल जरीची साडी नेसून चिवडा खायला? तिला विचारलंत तुम्ही? ग्रहणात काही नसतं, हे मला पटलंय, पण ते अंगणातली ती कड बघून. तुमच्या पैठण्यांमुळे नाही. अहो, तुमचं चुकलं, डॉक्टर. साफ चुकलं."

पेढा त्यांच्या हातात तसाच. मला वाटलं, गेलं, एकट्या म्हाताऱ्याला दुखावलं, आणि तेही पेढे देऊन. ते वळले. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत, दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत. माझ्यासाठी ते नेहमी आपलीच खुर्ची सोडून उभे राहत. आज त्यांनी ती चळत उचलून जमिनीवर ठेवली, कार्डिगनच्या बाहीनं खुर्ची पुसली, पुन्हा एकदा पुसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मालती गेल्यापासून या घरात मला कुणी चूक म्हटलेलं नाही, वहिनी. बसा. चहा टाकतो मी, तुम्ही बोलत राहा."