गुलाबी जाकीट

"हे काय आहे?" फोटोग्राफरने दोरीवरचं जाकीट ओढून काढत विचारलं.

"तुमचं जाकीट," बायको म्हणाली.

"माझं जाकीट पांढरं होतं!"

"होतं खरं. कुठल्या टोपलीत टाकलंत?"

घरात धुवायच्या कपड्यांच्या दोन टोपल्या होत्या, एक पांढऱ्यांची आणि एक रंगीत कपड्यांची. पण हा गृहस्थ कधी टोपलीपर्यंत चालत गेला असेल तर शपथ. खुर्चीत बसल्या बसल्या नेम धरायचा आणि कपडा भिरकावायचा. पँट उलटी, मोजे गोळा झालेले, शर्टाची एक बाही आत. नेमाचा त्याला फार अभिमान होता. काल त्याने तिथूनच जाकीट फेकलं, ते रंगीत टोपलीत पडलं, मुलीच्या लालभडक स्वेटरबरोबर यंत्रात फिरलं आणि लाजून गुलाबी होऊन बाहेर आलं.

तसं ते जाकीट म्हणजे बिनबाह्यांचा, छातीवर नंबर असलेला साधा कपडा. पण जागतिक मैदानी स्पर्धेत अंतिम रेषेसमोर बसायचं तर फोटोग्राफरच्या अंगावर ते हवंच, तेही पांढरंच. आणि आज शंभर मीटरची अंतिम शर्यत होती.

या दिवसासाठी बिचाऱ्याने काय काय सोसलं होतं! वर्तमानपत्रात त्याला सगळे 'फुलवाले' म्हणायचे, कारण पुष्पप्रदर्शन आलं की संपादक त्यालाच पाठवायचे. या वेळी क्रीडा विभागाच्या फोटोग्राफरचा पाय मोडला आणि संपादकांनी नाइलाजाने याला बोलावलं. "फुलवाले, जिंकणाऱ्याचा फोटो पहिल्या पानावर हवा. जमलं तर खेळ तुमचे. नाही तर शेवंतीचं प्रदर्शन आहेच."

"लांबून कोणाला कळणार आहे?" बायकोने धीर दिला. "उन्हात पांढरंच वाटेल."

स्टेडियमच्या दारावरच्या पहारेकऱ्याला मात्र तसं वाटलं नाही.

"गुलाबी जाकीट पलीकडच्या दाराने," तो म्हणाला.

"अहो, हे पांढरं आहे."

"हे?"

"मुळात पांढरं आहे."

"मुळात मीसुद्धा बारीक होतो."

"माझं कार्ड बघा ना! माझा फोटो आहे त्यावर."

"तुमचा आहे, जाकिटाचा नाही. कार्ड आधीच्या दारावर बघून झालं. मला सांगितलंय, रंग बघ."

"मग जाकीट काढूनच जातो."

"बिनजाकिटाचा माणूस तर कुठूनच आत जात नाही."

भल्यामोठ्या लेन्सची बॅगही पहारेकऱ्याने ठेवून घेतली, कारण गुलाबीवाल्यांना बॅग न्यायची परवानगी नव्हती. गळ्यातला छोटा कॅमेरा तेवढा जाकिटाखाली राहिला. तो पोटासारखा दिसत होता, म्हणून बचावला.

पलीकडच्या दारात शिट्टी घेतलेल्या एक बाई वाटच बघत होत्या. "चौथ्या पट्टीचे तुम्हीच ना? होतात कुठे इतका वेळ? धरा!" आणि त्यांनी त्याच्या हातात एक रिकामी टोपली दिली.

तेव्हा कुठे त्याला उलगडा झाला. गुलाबी जाकीटवाले म्हणजे धावपटूंचे कपडे सांभाळणारे! शर्यतीआधी धावपटू अंगावरचे गरम कपडे काढून टोपलीत टाकतात, आणि ती टोपली धरून एक माणूस मागे उभा राहतो.

"बाई, मी फोटोग्राफर आहे," तो कळवळून म्हणाला.

"असाल हो. आमचा एक माणूस गायनसुद्धा करतो. चला!"

त्याने मनात हिशेब केला. सुरुवातीची रेषा ते अंतिम रेषा, अंतर शंभर मीटर. टोपली ठेवायची आणि कडेकडेने पळत सुटायचं. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "शर्यत संपेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही," त्यांनी दम भरला. "सगळं जग टीव्हीवर बघतंय."

झालं. चौथ्या पट्टीमागे टोपली घेऊन तो खांबासारखा उभा राहिला. समोर, शंभर मीटरवर, काल जमिनीला चिकटपट्टी लावून धरलेली आपली जागा त्याला दिसत होती. त्या जागेवर प्रतिस्पर्धी वर्तमानपत्राचा दाढीवाला मांडी ठोकून बसला होता. फोटोग्राफरला रडूच यायचं बाकी होतं. शेवंतीचा वास थेट नाकात शिरला.

चौथ्या पट्टीत गेल्या वेळचा विजेता होता, ताडमाड उंच. त्याने मागे वळूनही न बघता जाकीट भिरकावलं, ते फोटोग्राफरच्या डोक्यावर पडलं. मग ट्रॅकपँट आली, उलटी. मोजे आले, गोळा होऊन. "अगदी माझ्यासारखाच आहे मेला," फोटोग्राफर पुटपुटला, आणि टोपली धरणाऱ्याला काय वाटतं ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

स्टेडियम चिडीचूप झालं. बंदूक वाजली, आणि लगेच पुन्हा वाजली. विजेत्याने घाई केली होती. फॉल्स स्टार्ट. लाल कार्ड दाखवलं गेलं आणि एक पाऊलही नीट न धावता गडी बाद झाला.

तो मान खाली घालून टोपलीपाशी आला आणि पँट उचलून एक पाय आत घालू लागला. उलटी पँट, त्यात बुटांना खिळे! पाय अर्ध्यावर अडकला. एका पायावर तो उड्या मारत राहिला. साठ हजार माणसं बघत होती, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

फोटोग्राफरला राहवलं नाही. कॅमेरा, शेवंती, पहिलं पान, सगळं विसरून तो गुडघ्यांवर बसला. "अरे बाबा, थांब. अशी नाही जायची. आधी सुलटी कर." विजेत्याला शब्द कळले नाहीत, पण त्याने फोटोग्राफरच्या खांद्यावर हात टेकला. फोटोग्राफरने पँट सोडवली, तिचे दोन्ही पाय सुलटे केले, झटकली आणि पुढे धरली. विजेत्याने पँटकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि रडता रडता खो खो हसत सुटला. यालाही हसू आवरेना.

पुन्हा बंदूक वाजली, उरलेले धावले, कोणीतरी जिंकलं. गळ्यातला कॅमेरा जाकिटाखालीच राहिला होता.

परत निघताना दाढीवाला भेटला. "तुझ्या जागेवर बसलो, रागावू नकोस. माझ्या जागेवरून मध्ये झेंडा येत होता. तुझ्या जागेवरून सगळं लख्ख दिसत होतं."

सगळं म्हणजे काय, ते सकाळी कळलं. सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर, फोटोग्राफरच्या स्वतःच्याही, एकच फोटो होता. डोळे पुसत हसणारा विजेता, आणि गुडघ्यांवर बसून त्याच्यापुढे पँट धरलेला गुलाबी जाकिटातला माणूस.

फोन वाजला. "फुलवाले," संपादक म्हणाले, "पहिल्या पानावर यायचं होतं ना? आलात! पण आपल्याच माणसाचा फोटो मला दाढीवाल्याकडून मागून घ्यावा लागला."

"साहेब, मग परवा शेवंती...?"

"शेवंतीला दुसरा कोणी जाईल. तो विजेता म्हणतोय, फोटो काढायचा तर फक्त त्या पँटवाल्या माणसाने. दुपारी जा. आणि नवीन जाकीट पाठवतोय. कृपा करून पांढरंच ठेवा!"

फोटोग्राफरने फोन ठेवला आणि घरभर नाचला. संध्याकाळी तो विजेत्याचे झकास फोटो काढून परत आला, तेव्हा बायकोने पहिलं पान चौकटीत घालून दोन टोपल्यांच्या बरोब्बर वर टांगलं होतं.

"काय हे?" तो म्हणाला.

"काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पँट सुलटी करता येते हे मला माहीत नव्हतं. आता जगालाच माहीत झालंय."

तो खुर्चीत बसला, नवं पांढरं जाकीट काढलं, सवयीने नेम धरला. वरून स्वतःचाच फोटो त्याच्याकडे बघत होता. तो निमूटपणे उठला. टोपलीपर्यंत चालत गेला. जाकीट सुलटं केलं, झटकलं, घडी घातली आणि हळूच टोपलीत ठेवून ऐटीत बायकोकडे पाहिलं.

बायको उठली आणि तिने ते रंगीत टोपलीतून काढून पांढऱ्या टोपलीत टाकलं.