शेवंताच्या अक्कलदाढेची साक्ष

आमच्या तालुक्याच्या न्यायालयात वयाचा वाद निघाला की अक्कलदाढ स्वतः साक्ष देत असे, आणि तिला शपथ देण्याचे काम शिरस्तेदार कुमुदिनी गुप्ते यांच्याकडे होते. साक्ष चालू असेतो दाढ ज्याची असेल त्याने तोंड उघडे ठेवावे व स्वतः काही बोलू नये, असा नियम होता.

त्या दिवशी शेवंता मुरकुटे पिंजऱ्यात आ करून उभी होती. तिला नर्सिंगला जायचे होते. चुलते भिकाजीरावांनी तिचे लग्न ठरवले होते. मुलगी अजून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहे, असा अर्ज तिच्या शिक्षिकेने केला होता.

भिकाजीरावांचे वकील दिघे यांनी शाळेचा दाखला पुढे केला. "जन्म एक जून. अठरा पूर्ण, साहेब."

"इथे एक जूनचे किती जण आहेत?" न्यायाधीशांनी विचारले.

अकरा हात वर झाले. त्यांत दिघ्यांचाही होता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला हीच तारीख दिली होती. न्यायाधीशांनी आपलाही वर केलेला हात खाली घेतला आणि दाखला बाजूला सारला.

दाढ अद्याप हिरडीबाहेर आली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज जरा दबका होता. पण उच्चार स्वच्छ होते. कुमुदिनीबाईंना ते फार आवडले. हल्लीच्या दाढा शपथसुद्धा चावून टाकत.

"माझी मुळे टोकाशी उघडी आहेत," दाढ म्हणाली. "मागच्या मुळाचे काम तर बरेच बाकी आहे."

"अहो, अंदाजे अठरा म्हणायला काय जाते तुमचे?" दिघे म्हणाले.

"मी शपथ अंदाजे घेतलेली नाही, वकीलसाहेब."

मागून भिकाजीराव ओरडले, "पोरीलाच विचारा की! तिचा होकार आहे!"

शेवंताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तोंड तिने मिटले नाही. मिटले असते तर साक्ष बाद झाली असती.

"अज्ञान मुलीचा होकार इथे चालत नाही," न्यायाधीश म्हणाले. लग्न थांबले. मुळे पूर्ण होताच दाढेने कळवावे, असा हुकूम झाला.

दाढेने एक दिवसही उशीर केला नाही. हुकमानंतर सतराव्या महिन्यात तिने कळवले आणि सारे पुन्हा जमले. भिकाजीराव नव्या फेट्यात होते. शेवंता नर्सिंगच्या पांढऱ्या साडीत आली होती. सवयीने तिने तोंड उघडले.

कुमुदिनीबाई शपथ देण्यास उभ्या राहिल्या, तोच दाढ अदबीने म्हणाली, "बाई, माझे काम संपले. आता शेवंताबाईंनाच विचारावे."

शेवंताने तोंड मिटले.

"नाही करायचं मला हे लग्न," ती म्हणाली.

कुमुदिनीबाईंनी ते शब्दशः लिहून घेतले. साक्षीदाराच्या रकान्यात, नोकरीत प्रथमच, त्यांनी माणसाचे नाव घातले.