झाकणाचा डबा

बारक्याच्या जीपमध्ये बसायचं म्हणजे ग्रीसवर व्याख्यान ऐकायचं, ही तलासरीत सर्वांनी भोगलेली शिक्षा होती. २०१७ च्या मे महिन्यात एका दुपारी ती बुधीबायच्या वाट्याला आली. बुधीबाय धवलेरी होती. तिनं गाऊन लग्न लावल्याशिवाय वेवजीच्या त्या पाड्यावर लग्न लागत नसे. आज लग्न होतं बारक्याच्या मेहुण्याच्या पोरीचं, प्रगतीचं, आणि "धवलेरीला मी वेळेवर आणतो" असं बारक्यानं भर मांडवात छाती ठोकून सांगितलं होतं.

"चाकाच्या बेअरिंगला लाल ग्रीस," बारक्या सांगत होता. "चाक कितीपण तापू दे, लाल वितळत नाय. पिवळं स्प्रिंगच्या पाट्यांना. याचं त्याला घातलं की गाडी मेली. पण लोकांना अक्कल कुठंय!"

"पुढं बघ," बुधीबाय म्हणाली.

अच्छाडच्या अलीकडे पुढचं चाक घरघरलं, मग किंचाळलं आणि मग त्यातून धूर निघाला. बारक्यानं जीप कडेला घेतली, चाकाला लाथ मारली आणि पाय धरून मटकन खाली बसला. मागच्या सीटवर त्याची बायको जमना होती. तिच्या फोनवर मांडवातून एकामागून एक फोन येऊ लागले.

"तुझ्या गाडीनं आज पोरीचं लग्न राहिलं," बुधीबाय कडाडली, "तर मी जन्मात तुझ्या दारात पाय ठेवायची नाय!"

बारक्यानं तो सगळा राग फोनवरून उमेश मेकॅनिकवर काढला. उमेश मोटारसायकलवरून आला तो तापलेलाच. त्यानं चाक खोललं. आतलं ग्रीस कढीसारखं त्याच्या हातावर ओघळलं. रंग हळद-कुंकू कालवल्यासारखा.

"बघ!" बारक्या ओरडला. "असला सडका माल विकतो मला? चोर साला!"

"तोंड सांभाळ! लालचा डबा वेगळा दिला, पिवळ्याचा वेगळा. दोन जातीचं ग्रीस एकात कालवलं की पाणीच होणार. कोणी कालवलं?"

"मी कशाला कालवू?"

"मग भरताना रंग नाय बघितला?"

बघितला नव्हता. सकाळी चाकात ग्रीस भरताना बारक्या शेजाऱ्याला ग्रीसचेच प्रकार समजावत होता. डब्यात बघायला त्याला सवड कुठली?

"मी केलं एकात," जमना म्हणाली. "दोन्ही डबे अर्धे अर्धे होते."

बारक्याचा आवाज फाटला. "कोणी सांगितलं होतं तुला?"

"तूच!" आता जमनाही भडकली. "रविवारी ताडी आणायला डबा दे म्हणून कोण बोंबलत होता? कळशी दिली तर म्हणालास, झाकणाचा पाहिजे. घरात झाकणाचे डबे दोनच. एक केला रिकामा, घासला राखेनं आणि दिला!"



"वर म्हणालास," जमना थांबेना, "आजची ताडी कशी सरसर उतरते घशाखाली!"

उमेश रस्त्यातच बसून हसू लागला. बुधीबाय मात्र हसली नाही. ती सरळ मोटारसायकलवर चढली. "चल रे उमेश. ही वटवट ऐकून माझा जीव गेला." मागे जमना चढली. तिघं निघून गेली.

बारक्या तिथंच उभा राहिला. मग जीपला, डब्याला, बायकोला आणि उन्हाला शिव्या देत चालत निघाला. पोचला तेव्हा लग्न वेळेवर लागून गेलं होतं. मांडवात बायका एक नवंच गाणं म्हणत होत्या आणि सुरुवात करून देत होती बुधीबाय:

"चाकाला घाला गं लाल लाल,
पाट्याला घाला गं पिवळं,
बारक्याच्या ताडीत दोन्ही गं!"

बारक्याची कानशिलं तापली. पण लग्नाच्या गाण्यावर रागवायची पाड्यात रीत नाही. इतकी वर्षं घसा फोडूनही जे कोणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते आता शेंबड्या पोरांनाही पाठ झालं होतं. तो कोपऱ्यात जाऊन टेकला. मेहुण्यानं त्याच्यापुढे ताडीचा पेला धरला.

"कशातून आणली?" बारक्यानं आधी विचारलं.