टेकडीला दिलेली चटई

आमच्या वाकडीपेठेचा कचरा डेपो दर महिन्याला चार दिवस बाजूला बसतो.

पहिल्यांदा बसला तेव्हा घंटागाडीच्या भानुदासला वाटलं, आपणच रस्ता चुकलो. रोजच्या जागी नुसतं मोकळं मैदान, आणि कचऱ्याचा अख्खा डोंगर कुंपणापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन बसलेला, गावाकडे पाठ करून. भानुदासने गाडी जवळ नेली तर तो आणखी थोडा पलीकडे सरकला. नगरपालिकेचे अभियंते आले. त्यांनी जमीन खचल्याचं सांगितलं आणि चहा घेऊन गेले.

शेवटी माझ्या सासूबाई, म्हणजे माई, रिक्षा करून बघायला गेल्या. आमच्या घरात बाजूला बसणं अजून पाळतात, आणि माईंचं पाळणं म्हणजे भलतंच कडक. त्यांनी लांबूनच एकदा पाहिलं आणि भानुदासला सांगितलं, "अरे, ती बाहेरची झालीय. चार दिवस शिवू नका. पाचव्या दिवशी येईल आपली आपण."

पाचव्या दिवशी डोंगर जागेवर होता. तेव्हापासून त्याला कुणी डेपो म्हणत नाही, टेकडी म्हणतात.

तसं यात नवल काही नव्हतं. गावातल्या सगळ्या बायकांचे पॅड वर्षानुवर्षं पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, जमल्यास शेजारणीच्या डब्यात सरकवून शेवटी तिच्याच अंगावर गेले होते. ते कुजत नाहीत की विरत नाहीत. इतक्या जणींचं अंगावर घेतल्यावर तिला विटाळ होणारच, असं माईंचं म्हणणं. नगरपालिकेला ते पटलं.

मग व्यवस्था लागली. चार दिवस घंटागाडी बंद, आणि पाचव्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाचा बंब टेकडीला डोक्यावरून न्हाऊ घालायचा. दलाचे गवारेसाहेब आमच्या घरी विचारायला आले, पाणी ऊनच लागतं का. माईंनी विचार करून सांगितलं, उन्हाळ्यात साधं चालेल, थंडीत मात्र कोमट हवं. थंडीत बंब दूध डेअरीतून गरम पाणी भरून घेऊ लागला. माईंशी माझं कितीही वाकडं असलं तरी एक कबूल करते, असा कारभार त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमला नसता.

वाकडं होतं ते चटईवरून. आमच्या ओटीच्या कोपऱ्यात काठ उसवलेली एक चटई असायची. माईंच्या सासूबाई तिच्यावर बसल्या, माई बसल्या, आणि लग्न झाल्यापासून मी बसत होते. माझी जुई सातवीत गेली होती, आज ना उद्या तिचंही सुरू होणार. ती त्या चटईवर बसता कामा नये, एवढं एकच मला हवं होतं. भांडून झालं, अबोला धरून झाला, माहेरी जाऊन आले. कसलं काय! आमचे हे अशा वेळी पेपर तोंडापुढे धरायचे. आणि टेकडी बसू लागल्यापासून तर माईंना आयतं बोट दाखवायला मिळालं. "एवढी मोठी टेकडी पाळते, मग तू कोण लागून गेलीस?"

पुढे आळीतल्या सगळ्या बायकांची तारीख हळूहळू टेकडीच्या तारखेला येऊन मिळाली. मग खरी पंचाईत. ज्या चार दिवसांत पॅड टाकायचे, नेमक्या त्याच दिवसांत टेकडी शिवून घेत नाही. घरोघरी काळ्या पिशव्या साठल्या. वास, माश्या, कुत्री, आणि सगळ्यांचं तोंड मिटलेलं.

रेहाना माझी शाळेपासूनची मैत्रीण, कोपऱ्यावर मेडिकल चालवते. सगळ्या गावाला पॅड पेपरात गुंडाळून देणारी तीच. एका सकाळी माझं नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा ती ओटीच्या पायरीवर येऊन बसली आणि माझ्या हातात एक कप ठेवला. पेपर नाही, पिशवी नाही. जांभळा, मऊ, देवघरातल्या घंटेएवढा. म्हणाली, हा आत बसतो, भरला की ओतायचा, धुवायचा, परत घालायचा. नीट ठेवला तर वर्षानुवर्षं टाकायला काही नाही. फक्त सुरुवातीला आणि संपल्यावर चांगला उकळून घ्यायचा.

गॅस स्वयंपाकघरात आणि मी चटईवर. मी माईंना हाक मारली आणि सांगितलं, "माई, एक तर मी आत येते, नाहीतर हा तुम्ही उकळा."

माई उंबऱ्यावर आल्या. त्यांच्या कायद्यात याला कलम नव्हतं. मी आत गेले तर घर बाटणार. कप उकळला नाही तर पुन्हा पॅड, पॅड टाकायला जावं तर टेकडीला शिवणं आलं, आणि तिला शिवायचं नाही हे त्यांनीच गावाला सांगितलेलं. दारं त्यांनीच एकेक करून लावून घेतली होती. शेवटी त्यांनी आत जाऊन एक जुनं पातेलं काढलं, परत आल्या आणि माझ्यापुढे हात केला. आमच्याकडे या दिवसांत वस्तू वरून टाकतात, हाताला हात लागू देत नाहीत. मी कप वर धरला.

"वरून टाकू नकोस, पडेल," माई म्हणाल्या, आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.

पाणी उकळत होतं तेव्हा आतून त्यांचा आवाज येत होता. त्यांच्या वेळी जुन्या लुगड्याची फडकी असत. ती धुऊन गोठ्यात, गवताच्या मागे वाळत घालायची, पुरुषांच्या नजरेला पडायची नाहीत. पावसाळ्यात तशीच ओली वापरायची. मांड्या सोलून निघत, पण सांगणार कुणाला? लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला त्यांचा राग होता तो तसाच राहिला, पण रडूही आलं.

परसातल्या न्हाणीघरात मी चांगली तासभर होते. दुमडायचा, आत सोडायचा, तिथे तो आपोआप उघडतो; सांगायला सोपं. माई दाराबाहेरून विचारत होत्या, बसला का? शेवटी बसला. नंतर संध्याकाळपर्यंत मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही. संपल्यावर माईंनी तो पुन्हा उकळला, आणि कुठे ठेवू म्हणून मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उन्हात ठेव. चांगलं लख्ख ऊन लागू दे." अंगणाच्या कठड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो वाळला.

माई उकळतात म्हटल्यावर आळीतल्या बाकीच्या सासवांना बोलायला जागा उरली नाही. बघता बघता गावभर घरोघरच्या कठड्यांवर कप दिसू लागले. टेकडीच्या अंगावर नवा पॅड पडेनासा झाला.

आणि एका महिन्यात टेकडी बाजूला बसलीच नाही. बंब गरम पाणी घेऊन नुसताच परत गेला. पुढच्या महिन्यातही तेच. तेव्हा नगरपालिकेचे मुख्याधिकारी स्वतः आमच्या घरी आले, चपला काढून ओटीवर बसले आणि विचारलं, पाळी गेली असं समजायचं का. माईंनी टेकडीचं वय विचारलं. डेपो सुरू होऊन वीस वर्षं झाली होती.

"मग हे जायचं वय नव्हे," माई म्हणाल्या. "तिला दिवस राहिलेत."

मुख्याधिकाऱ्यांनी आवाज खाली घेऊन विचारलं, कुणापासून. माईंनी सांगितलं, असं विचारू नये.

त्या बघायला गेल्या तेव्हा मीही बरोबर होते. पायथ्याशी कोवळं गवत आलं होतं. भानुदास म्हणाला, कैरीच्या साली आणि चिंचेची टरफलं टाकली की सगळी घेते, प्लास्टिक समोर आलं की तोंड फिरवते. डोहाळेच ते. माईंनी ओला कचरा वेगळा आणायला सांगितलं आणि गाव निमूट तसं आणू लागलं. घरी आल्यावर त्यांनी ओटीच्या कोपऱ्यातली चटई उचलली, झटकली, गुंडाळी करून काखेत मारली आणि परत रिक्षात बसल्या. अशा दिवसांत ओल्या जमिनीवर बसू नये, एवढंच म्हणाल्या. मी अवाक्षर काढलं नाही. न जाणो, चटई परत आणायच्या.

जुईचं परवा सकाळी सुरू झालं. पोर माझ्याकडे आली नाही, सरळ ओटीवर गेली आणि मोकळ्या कोपऱ्यात उभी राहिली. मी तिच्यामागे गेले, पण माई आधीच तिथे होत्या.

"आजी, मी कुठे बसू?" जुईने विचारलं.

माईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"चटई टेकडीला दिली, आणि तिला आता उठवता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आत चल. चहा टाकलाय."

त्यांनी तिचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत नेलं आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाटावर बसवलं. फडताळातून रेहानाकडचा लहान मापाचा कप काढून तिच्या पुढ्यात ठेवला. घाई नाही, तुला वाटेल तेव्हा, म्हणाल्या. तो त्यांनी कधी आणला होता कोण जाणे. मी दारातच उभी होते, तर मला म्हणाल्या, तूही ये आत, गार होतोय.

दुपारी माई दुपटं शिवायला बसल्या. टेकडीच्या बाळाचं माप अजून कुणाला सांगता येत नाही, म्हणून गवारेसाहेबांनी अंदाजाने बंबाच्या ताडपत्रीएवढं सांगितलं आहे.