बँडमास्तरांची प्रमाणित डोकेदुखी

बँडमास्तरांचं डोकं फक्त डाव्या बाजूने दुखे. उजवी बाजू पूर्ण सहकार्य करत असे. पण तालमीत कर्णेवाले नेमके डावीकडेच बसत. त्यामुळे बागेतले मागचे दोन कार्यक्रम ढोलवाल्याने चालवले होते आणि लोकांना ते आवडू लागले होते, हे जास्त गंभीर होतं. बायकोने त्यांना ओढतच मोठ्या रुग्णालयाच्या डोकेदुखी विभागात नेलं.

डॉक्टरांनी गोळी लिहायला पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आधी तुमचं दुखणं मोजायला हवं. मोजायची प्रश्नावली परदेशी आहे. तिचं मराठी भाषांतर झालंय, पण ते बरोबर आहे हे सिद्ध व्हायचंय."

"ते कसं होणार?"

"तुमच्यावर."

नियम असा, की मराठीत आलेली प्रश्नावली दुसऱ्या भाषांतरकाराने, विषयाचा गंधही नसताना, मूळ भाषेत परत न्यायची. हे दुसरे गृहस्थ इतके नियमनिष्ठ, की विभागाची पाटी दिसू नये म्हणून मान खाली घालून येत. 'अर्धशिशीमुळे किती कामं बुडाली?' या प्रश्नाचं त्यांनी निष्ठेने 'अर्ध्या बाटलीमुळे किती कामं बुडाली?' असं केलं. बँडमास्तरांचं उत्तर होतं, 'जवळजवळ सगळी.' भाषांतर तपासणाऱ्या समितीने ते या परतलेल्या प्रश्नापुढे वाचलं आणि बँडमास्तरांना तातडीने व्यसनमुक्ती विभागात धाडलं.

"अहो, मी थेंबाला शिवत नाही!"

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," तिथले समुपदेशक प्रेमाने म्हणाले.

शेवटी बायको समितीच्या बैठकीत घुसली. "बाटली नाही हो, डोकं! मानेवर असतं ते! तुमच्यातही कुणाला असेल!"

समितीने सूचना इतिवृत्तात नोंदवली आणि 'अर्धशिशी' काढून 'डोकेदुखी' घातलं.

"आता आज एकदा भरा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही वेळची उत्तरं जुळली, की प्रश्नावली विश्वासार्ह ठरली."

"आणि गोळी?"

"गोळीने तुम्ही बरे व्हाल. बरे झालात की उत्तरं बदलणार. मग दोष बिचाऱ्या प्रश्नावलीवर! बरं दिसतं का ते?"

बाहेरच्या बाकांवर तीच प्रश्नावली हाती पडलेले सगळे रुग्ण कपाळ धरून बसले होते. "मी आज काय लिहिलं ते पंधरा दिवसांनी आठवलं नाही तर?" एक बसचालक कण्हत म्हणाला. "परत पहिल्यापासून?"

बँडमास्तर उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी पेन छडीसारखं धरलं.

"पहिला प्रश्न?"

"कधीकधी!" बाकं कुजबुजली.

"दुसरा?"

"बहुतेक वेळा!"

"चालकसाहेब, अर्धी मात्रा मागे पडताय. पुन्हा!"

तालीम झाली, प्रश्नावल्या भरल्या आणि सगळी मंडळी समोरच्या गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी "कुठे दुखतं?" आणि "कधीपासून?" एवढंच विचारून, तपासून गोळ्या दिल्या. रविवारी बागेत बँडमास्तरांनी असा काही बँड वाजवून घेतला, की ढोलवाला गुपचूप मागच्या रांगेत जाऊन बसला.

पंधरवड्यानंतर तरतरीत चेहऱ्यांच्या त्या रुग्णांनी आपलं तीव्र दुखणं पुन्हा, अगदी जसंच्या तसं लिहून दिलं. समितीचे अध्यक्ष गहिवरले. "एकाही उत्तरात काडीचा फरक नाही! असले प्रामाणिक रुग्ण मी जन्मात पाहिले नाहीत!" प्रश्नावली प्रमाणित झाली, टाळ्या झाल्या. गडबडीत डॉक्टरांनी बँडमास्तरांना जिन्याखाली गाठलं आणि स्वतःचं कपाळ चोळत विचारलं, "त्या गोळ्या कुठे मिळतात हो?"

सध्या समिती एका अधिक व्यापक प्रश्नाकडे वळली आहे. 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत' या वाक्यापुढे, वाचकहो, आपण मोबाईलवर वेळोवेळी जी खूण केलीत, तिचा अभ्यास पूर्ण झाला. उत्तर दर वेळी तेच आलं. अभिनंदन! आपण शंभर टक्के विश्वासार्ह आहात.