कार म्हणायची का जीप?

धाराशिवच्या बसस्टँडजवळच्या रेडियमच्या दुकानात अमृतराव गेले ते फक्त नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘जय भीम’ लिहून घ्यायला. तेवढंच लिहून घेऊन ते घरी आले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुकानदारानं अक्षरं चिकटवली, चार पावलं मागं जाऊन गाडीकडं बघितलं आणि मान हलवली.

“सायेब, गाडी एवढी उंच, आन मागं ‘फोर बाय फोर’ न्हाय?”

“ते कशाला असतं?”

“शोभतं.”

अमृतरावांनी मान डोलावली. (कुणी आत्मविश्वासानं काही सांगितलं की मान डोलवायची, ही त्यांची पाटबंधारे खात्यातल्या बावीस वर्षांच्या नोकरीची कमाई.) पाच मिनिटांत गाडीच्या पाठीवर चांदीच्या रंगाची टपोरी अक्षरं बसली. अमृतराव गाडी घेऊन घराकडं निघाले तेव्हा पुढं कमी आणि आरशात जास्त बघत होते.

घरासमोर शंभुलिंग उभे होते. शंभुलिंग म्हणजे शेजारी. सिमेंटचे व्यापारी. त्यांच्याकडं पंधरा वर्षांची एक धिप्पाड डिझेल गाडी होती, सुरू झाली की अख्ख्या गल्लीतली भांडी वाजायची.

“अमृतराव, हे काय लिहिलंय?”

“फोर बाय फोर.”

“म्हणजे?”

अमृतरावांनी अक्षरांकडं बघितलं. “म्हणजे... चार गुणिले चार.”

“सोळा?” शंभुलिंग म्हणाले. “अवो, फोर बाय फोर म्हणजे इंजिनची ताकद चारी चाकांना जाती. तुमच्या गाडीची पुढचीच दोन चाकं ओढतात. मागची दोन नुसती सोबतीला.”

“आमच्या ऑफिसातबी तसंच आहे,” अमृतराव पुटपुटले. मग घाबरत विचारलं, “पण एसयूव्ही तर आहे ना?”

शंभुलिंग गुडघ्यावर हात ठेवून वाकले, गाडीखाली बघितलं आणि एखाद्या डॉक्टरसारखे सावकाश उठले.

“खरी एसयूव्ही म्हणजे खाली ट्रकसारखी लोखंडी चासी, आन तिच्यावर बॉडी बसवलेली. तुमची सगळी एकाच अंगाची. कारच हाय ही, टाचा उंच केलेली. ह्याला क्रॉसओव्हर म्हणतात.”

झालं. अमृतरावांचं स्वास्थ्य त्या दिवशी गेलं.

तसा माणूस साधा. पण सरकारी कचेरीत आयुष्य गेलेलं. तिथं साहेब वर्ग एक, उपअभियंता वर्ग दोन, अमृतराव वर्ग तीन आणि शिपाई वर्ग चार. खुर्ची कुणाची फिरती, कुणाची लाकडी, चहा कुणाला कपात आणि कुणाला कागदी ग्लासात, सगळं वर्गावरून ठरलेलं. आपल्या दारात उभी असलेली वस्तू कुठल्या वर्गात बसते हेच माहीत नसणं म्हणजे त्यांना पायात काटा ठेवून चालण्यासारखं होतं.

शोरूमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “सर, बिनधास्त एसयूव्ही सांगा. कॉम्पॅक्ट एसयूव्ही. बसायची उंची बघा ना!” आरटीओजवळच्या एजंटाला विचारलं. तो म्हणाला, “आमच्याकडं मोटार कार. चार मीटरच्या आत हाय, म्हणून लहान गाडीत बसली. सरकार लांबी बघतं, उंची न्हाय.” म्हणजे शोरूम उंची बघणार, सरकार लांबी बघणार आणि शंभुलिंग खाली वाकून बघणार. गाडी तीच, पण जो तो आपापल्या बाजूनं तिला मोजत होता.

शेवटी अमृतरावांनी आईला विचारलं. भिमाबाई नुकत्याच गाडीतून उतरून ओट्यावर टेकल्या होत्या.

“माझं साधं हाय बाबा,” त्या म्हणाल्या. “चढताना गुडघा दुखला की जीप. उतरताना कंबर दुखली की कार.”

“मग ही?”

“हिच्यात कायच दुखलं न्हाय. आता हिला काय म्हणावं, तुझं तू बघ.”

बायको वृषाली जिल्हा रुग्णालयात नर्स. दिवसभर खऱ्या दुखण्यांत असल्यामुळं असल्या दुखण्यांना तिच्याकडं वेळ नव्हता.

“अहो, गाडी चालते ना?”

“चालते.”

“मग झालं तर!”

“पण काय चालतंय तेच कळंना ना!”

हे इथंच विरलंही असतं. पण वृषालीच्या धाकट्या बहिणीचं, प्रीतीचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा राजपाल, उमरग्यात शिक्षक. मुलगी बघून झाली होती, दोघांचं फोनवर बोलणं चालू होतं. आता मुलीकडच्यांनी घर बघायला जायचं होतं. मुलाचं गाव उमरग्याच्या अलीकडं हायवेवरून आत. आधीची दोन स्थळं याच पायरीवर मोडलेली, त्यामुळं सासरे गुलाबराव जरा धसक्यात होते. त्यांनी भाड्याची जीप ठरवायचं काढलं, तेव्हा अमृतरावांच्या तोंडून निघून गेलं, “मामा, भाड्याची कशाला? आपली एसयूव्ही असताना?”

रविवारी तुळजापूरहून गुलाबराव पुढच्या सीटवर चढले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. मागं वृषाली आणि प्रीती. (मुलीनं स्वतः घर बघायला जायचं नसतं, असं गुलाबराव म्हणाले होते. “राहायचं मला आहे, का तुम्हाला?” असं प्रीती म्हणाली होती. प्रीती मागं बसली होती.)

हायवेच्या टोलनाक्यावर गाडी थांबली. वर मोठा फलक होता: ‘कार, जीप, व्हॅन.’ तिघींना एकाच ओळीत बसवलेलं बघून अमृतरावांना कसंतरीच झालं. त्यांनी काच खाली केली.

“मॅडम, आमची ह्यातली कुठली धरली?”

नाक्यावरची बाई म्हणाली, “कुठलीबी धरा, पर पुढं घ्या. मागं ट्रक बोंबलायलाय.”

तेवढ्यात गुलाबरावांचा फोन वाजला. राजपालचे वडील होते. बोलण्यात इतका मोकळेपणा, की स्पीकर न लावताही सगळ्यांना ऐकू आलं.

“जय भीम पाव्हणं! कुठवर आलाव? परवा पाऊस झालाय बरं का. आत काळी माती हाय, वड्याजवळ लई चिखल. गाडी जीप असंल तर थेट दारात या. कार असंल तर फाट्यावरच लावा, आमचा ट्रॅक्टर येतो न्यायला.”

गुलाबरावांनी फोनवर हात ठेवला. “जावईबापू, काय सांगू? कार हाय का जीप?”

आठवडाभर ज्या प्रश्नानं अमृतरावांना धड जेवू दिलं नव्हतं, तो आता सासऱ्यांच्या तोंडून आला, आणि उत्तर द्यायला ट्रॅक्टर सुटायच्या आतला वेळ होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सासऱ्यांचं पांढरं धोतर आणि आपली वर्ग तीनची इभ्रत अशी वरात त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

“जीपच समजा,” ते म्हणाले.

“समजा?” मागून वृषाली म्हणाली.

“जीप हाय, जीप!” गुलाबरावांनी फोनवर सांगून टाकलं.

फाट्यावरून आत वळल्यावर पहिला पाऊण रस्ता गाडी अशी गेली, की अमृतरावांची छाती हळूहळू फुगत गेली. खड्डे आले, गाडीनं गिळले. “बघा मामा, उंचीचा फायदा!” ते म्हणाले. गुलाबरावांनीही कौतुकानं डॅशबोर्डवर हात फिरवला.

ओढ्याजवळ गर्दी दिसली. सोयाबीनची पोती भरलेला एक पिकअप चिखलात रुतला होता. तो राजपालच्या चुलत्याचा. ट्रॅक्टर पल्याडच्या शिवारात गेलेला, त्याला निरोप धाडलेला. राजपाल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पिकअपला खांदा लावून उभा होता. त्याचे वडील कडेच्या दगडावर उभे राहून सूचना देत होते. पाहुण्यांची गाडी कोरड्या वाटेवरून हळूच पुढं निघून जात होती, तेवढ्यात वडलांची नजर तिच्या पाठीवर गेली.

“आरं थांबवा, थांबवा! फोर बाय फोर हाय!”

सगळी माणसं वळली.

“पाव्हणं, लई येळंवर आलाव बघा! जरा वडून काढा एवढं.”

अमृतरावांनी तोंड उघडलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण शेजारी सासरे अभिमानानं बसले होते, समोर होणारे व्याही हात जोडून उभे होते, आणि ‘ती अक्षरं शोभेची आहेत’ हे वाक्य सभ्य माणसांत कसं म्हणायचं, ते त्यांना सुचेना.

“ओढू की,” ते म्हणाले.

“अहो,” वृषाली हलक्या आवाजात म्हणाली, “पुढची दोनच चाकं ना?”

“गाडीला कळत नसतं ते,” अमृतरावांनीही हलक्या आवाजात सांगितलं.

मंडळी खाली उतरली. गाडी रिव्हर्स घेऊन पिकअपच्या तोंडाला पाठ करून लावली. दोरखंडाचं एक टोक पिकअपला आणि दुसरं बरोबर त्या चांदीच्या अक्षरांखाली बांधलं. वळवताना पुढची चाकं कोरड्या वाटेवरून चिखलात उतरली होती, हे अमृतरावांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवर सगळी नोकरी पणाला लावल्यासारखा पाय दिला.

पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगरली. काळी माती दोन्ही अंगांनी कारंजासारखी उडाली. उजवीकडचं कारंजं बाभळीवर गेलं. डावीकडं गुलाबराव उभे होते.

“अजून जरा द्या!” पिकअपवाला ओरडला. अमृतरावांनी दिलं. गाडीचं नाक खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी ती शेपूट वर करून थांबली. मागची दोन्ही चाकं कोरडी ठणठणीत होती. ह्या कामाशी त्यांचा काही संबंधच नव्हता.

राजपाल खिडकीशी आला. चांगला, नम्र मुलगा.

“सर, फोर बाय फोर टाकलंय ना? कुठंय त्याचा लिव्हर?”

“कसला लिव्हर?”

“चारी चाकं जोडायचा.”

अमृतरावांनी समोर काचेतून बघितलं. वायपर चिखल इकडून तिकडं नेत होता.

“दुकानात... फक्त अक्षरंच मिळाली.”

राजपालनं पटकन तोंड दुसरीकडं फिरवलं. पण त्याचे खांदे हलायला लागले. ते प्रीतीनं बघितलं. तिनं ओठ दाबले, पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि मग तिचं जे हसू फुटलं ते ओढ्याच्या पलीकडं ऐकू गेलं. राजपाललाही मग आवरेना. दोघं एकमेकांकडं बघून हसायला लागले, थांबले की पुन्हा एकमेकांकडं बघायचे. फोनवर त्यांचं जे काय बोलणं झालं असेल ते असो, पण अशी ओळख फोनवर होत नाही.

अमृतरावांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांनी हळूच सासऱ्यांकडं बघितलं. गुलाबरावांचं धोतर डावीकडून काळं आणि उजवीकडून पांढरं झालं होतं. टोपी काढून त्यांनी ती झटकली आणि पुन्हा घातली. तिसरं स्थळ आपल्या गाडीखाली गेलं, असं अमृतरावांनी मनाशी ठरवून टाकलं.

“मामा, चूक झाली. ही जीप न्हाय. कारबी न्हाय. क्रॉसओव्हर हाय.”

“असू द्या,” गुलाबराव एवढंच म्हणाले.

प्रीती चपला हातात घेऊन चिखलात उतरली. “राजपालसर, तुम्ही तिकडून लावा जोर.” त्यांनी लावला. गाडी हलली नाही, पण दोघं पाच मिनिटं तरी शेजारी शेजारी ढकलत होते. मग ट्रॅक्टर आला. त्यानं आधी पिकअप काढला, मग पिकअपला वाचवायला आलेली गाडी काढली. तिचा पुढचा बंपर तेवढा ओढ्यातच राहिला. तो राजपालच्या वडलांनी काखेत मारून आणला.

अशा रीतीनं पाहुणे थेट दारात गेले. ट्रॅक्टरनं ओढत.

घरी राजपालच्या आईनं पाणी तापवून दिलं. गुलाबरावांना आणि अमृतरावांना राजपालच्या वडलांचे कपडे मिळाले. ते वडील उंचीला सहा फूट. बैठकीत अमृतराव पायजमा छातीपर्यंत ओढून बसले होते आणि पोहे खाताना एक हात नाडीवर होता. घर चांगलं होतं, माणसं चांगली होती, विहिरीला पाणी होतं. पण चहा झाला, जेवण झालं, तरी मुलाकडचे होकाराचा विषय काढेनात. “घरात बोलून कळवतो,” म्हणाले. आधीची दोन्ही स्थळं असंच म्हणाली होती.

परतीच्या वाटेवर बंपर डिकीत खडखडत होता. घरी आल्यावर अमृतरावांनी नखानं ‘फोर बाय फोर’ खरवडायला घेतलं. चिकटवणारानं काम इतकं पक्कं केलं होतं, की एकच ‘फोर’ निघाला. पुढचे तीन दिवस ऑफिसात त्यांचं लक्ष नव्हतं. फोन वाजला की दचकायचे. वृषालीच्या चेहऱ्याकडं बघायची सोय नव्हती. तिनं काही बोलून टाकलं असतं तर बरं, असं त्यांना झालं होतं.

बुधवारी गुलाबरावांचा फोन आला. वृषालीनं स्पीकरवर टाकला. भिमाबाईही सरकून जवळ बसल्या.

“जमलं!” गुलाबराव म्हणाले. “होकार आला!”

“खरं?” अमृतराव खुर्चीतून उठले. “मामा, मला वाटलं चिखलानं सगळं बिघडलं.”

“कशाचं बिघडतंय! चिखलानंच तर जमलं. व्याही काय म्हणाले ऐका. म्हणाले, पोरगी तर पसंत व्हतीच, पर घर कसं हाय ते कळत नव्हतं. रविवारी कळलं. एवढं अंग चिखलानं भरलं, तरी तुम्ही जावयाला वावगा शब्द बोलला न्हाईत. असला जावई ज्या घरानं इतकी वर्षं सांभाळला, त्या घरची पोरगी कुठंबी नांदंल.”

वृषाली हसली. भिमाबाईंनी डोळ्याला पदर लावला, तो रडायला का हसायला ते कळलं नाही. अमृतरावांना वाटलं, काही असो, लग्न आपल्यामुळं जमलं. त्यांनी घसा साफ केला.

“मग मामा, लग्नाचं आता सगळं माझ्याकडं सोपवा. वऱ्हाडाच्या गाड्यांचं तर—”

“जावईबापू,” गुलाबराव मायेनं म्हणाले, “तुम्ही एसटीनं या.”