सतरा खिडक्यांचा बंगला आणि काळं पाणी

चिंतामणी धैर्यवान हे नाव मुंबईतल्या गुन्हेगारांनी अजून ऐकलेलं नाही, म्हणूनच ते इतके निर्धास्त आहेत. माझी नजर घारीची. स्मरणशक्ती अशी, की एकदा पाहिलेलं विसरत नाही. चष्मा कुठे ठेवला तेवढं विसरतो. धैर्यवान हे आमचं पिढीजात आडनाव, त्याचा अर्थ फार मनावर घेऊ नये. दिवसा मी फोर्टातल्या एका कचेरीत आवक-जावक लिहितो आणि संध्याकाळी गिरगावातल्या आमच्या चाळीत ‘चिं. गो. धैर्यवान, गुप्त हेर’ अशी पाटी लावून बसतो. पाटी लावल्यावर गुप्त काय राहिलं, असं माझ्या बायकोने, सुमतीने, विचारलं होतं. त्या प्रश्नाचा तपास चालू आहे.

सत्तावन्न सालची गोष्ट. शनिवारी दुपारी शेजारचा अच्युत कोठारे पांढराफटक चेहरा घेऊन माझ्या दारात उभा राहिला. अच्युत एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. तीन महिने तो एका शेटच्या बंगल्याचा नकाशा काढत होता. वरळीला, अगदी समुद्राला लागून. बोटीच्या टोकासारखी पुढे आलेली गोल गच्ची, समुद्राकडे सतरा खिडक्या, भरतीचं पाणी जिला लागेल अशी संगमरवरी पायरी. आमच्या चाळीला समुद्राचा फक्त वास येतो, तोही सुकवलेल्या बोंबलाचा असण्याची शक्यता जास्त.

नकाशा पेन्सिलीने काढून झाला होता आणि तो साहेबाच्या कपाटात कुलपात होता. त्यावरून शाईने उतरवलेली प्रत अच्युतने उरलेली अक्षरं घालायला शुक्रवारी घरी आणली होती. ही प्रत कागदावर नसते, खळ दिलेल्या गुळगुळीत, निळसर कापडावर असते. सोमवारी सकाळी नऊ वाजता ती शेटसमोर उलगडायची होती. आणि घरच्या कपाटावरून ती गुंडाळी नाहीशी झाली होती.

“साहेब मला काढून टाकेल रे,” अच्युत म्हणाला. “अकरा दिवसांची पोर आहे घरात.”

मी भिंग घेतलं. अच्युतची खोली दहा बाय बारा. तीत तो, त्याची बायको नलू, आई, वडील, ड्रॉइंगचा फळा आणि आता ही मुलगी. उद्या तिचं बारसं. नलूने मला चहा दिला आणि हात मोकळे हवेत म्हणून मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. मुलगी नवं कोरं झबलं घालून शांत पडली होती. सबंध तपास मी तिला मांडीवर घेऊनच केला, हे पुढे माझ्याविरुद्ध वारंवार सांगण्यात आलं.

पहिला तर्क मी दोन मिनिटांत मांडला. प्रतिस्पर्धी आर्किटेक्टचा माणूस गॅलरीतून आत शिरला. पुरावा म्हणजे खिडकीखाली उमटलेलं तेलकट पाऊल. अच्युतच्या आईने सांगितलं की बाळंतिणीला मालीश करणारी बाई तिथेच बसते. त्या बाईचा एखाद्या आर्किटेक्टशी संबंध आहे का, असं मी विचारलं. म्हातारीने देवाकडे तोंड फिरवलं.

दुसरा तर्क मला आजही आठवला की कसंसं होतं. अच्युत बोलता बोलता म्हणाला होता, की बंगल्यात शेटच्या कुत्र्यासाठी वेगळी खोली आहे. मी माप विचारलं. दहा बाय बारा. माझ्या डोक्यात दिवा पेटला. या खोलीत पाच माणसं राहतात आणि तिकडे तेवढ्याच जागेत कुत्रा राहणार, या विचाराने माणसाचं माथं फिरू शकतं. मी सर्वांदेखत बोट रोखून म्हटलं, “अच्युत, नकाशा तूच नाहीसा केलास.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“तीन महिने मी त्याच घरात राहतोय, चिंतामण,” तो म्हणाला. “गच्चीवर कितीला ऊन येतं तेसुद्धा मला माहीत आहे. ते घर मी कशाला लपवीन?”

मला फार लाज वाटली. लाज वाटली की मी घाईने पुढचा तर्क काढतो, ही माझी सवय आहे. मला आठवलं, सकाळी चाळीच्या मोरीतून काळपट पाणी वाहत होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज मोर्चे निघत होते, दिल्लीचा कोणी मंत्री आला की काळे झेंडे निघत होते. म्हणजे आपल्याच चाळीत कोणीतरी ते नकाशाचं कापड काळं रंगवत होतं. समितीचं काम करणारा चाळीत एकच, तळमजल्यावरचा जयवंत. मी त्याला वर बोलावलं.

जयवंत मालवणकडचा, परळच्या गिरणीत घडी खात्यात वीस वर्षं कापड चाळवणारा माणूस. माझं भाषण त्याने शांतपणे ऐकून घेतलं. झेंड्याचं कापड बाजारात काळंच मिळतं, रंगवायला वेळ कोणाला आहे, एवढंच तो म्हणाला. मग जाता जाता मुलीचं कौतुक करायला वाकला, आणि तिच्या झबल्याची कड त्याच्या दोन बोटांत आली. ती बोटं तिथेच थांबली.

“चिंतामणराव, ह्यां कापड खयचां?” त्याने विचारलं. “खळ गेली तरी पोत लपना नाय. बाळग्याच्या पोटार काय लिवलेलां हा, तां वाचा.”

मी भिंग लावलं. मुलीच्या बेंबीपाशी, पुसट करड्या इंग्रजी अक्षरांत, ‘सी साइड’ असं लिहिलं होतं. खाली ओळीने चार खिडक्या होत्या.

सुमतीला बोलावणं गेलं. ती शिवणाची सुई हातात घेऊनच आली. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. कचेरीतले रद्द झालेले नकाशे अच्युत घरी आणतो, ते रात्रभर भिजवले की खळ आणि शाई निघून जाते आणि मलमलीसारखं मऊ कापड उरतं, हे चाळीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बारशासाठी झबली शिवायचं तिने कबूल केलं होतं. काळं पाणी तिच्याच बादलीचं होतं.

“पण जुनी गुंडाळी तर अजून कपाटावरच आहे,” नलू म्हणाली.

“मला काय माहीत?” सुमती म्हणाली. “शुक्रवारी गुंडाळी आणायला मी ह्यांना पाठवलं होतं.”

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं. मला आठवलं. कपाटावर दोन गुंडाळ्या होत्या, एक धुळकट, एक स्वच्छ. मी तर्क केला होता, की बाळाचं कापड कोणीही स्वच्छच ठेवणार. तो तर्क आजही मला चुकीचा वाटत नाही, पण हे मी कोणाला सांगत नाही.

नकाशाचं नवं कापड बाजारातून मी आणलं. दुकान बंद व्हायच्या आत, पळत. मग अच्युतने फळा मांडला आणि पेन्सिलीच्या नकाशावाचून, नुसत्या आठवणीवर, तो बंगला पुन्हा बांधायला घेतला. रविवारचं बारसं आमच्या खोलीत झालं. अच्युत पाच मिनिटं येऊन गेला, शाईची बोटं मागे धरून. आत्याने नाव ठेवलं कालिंदी. काळ्या पाण्याची नदी ती; सुमतीने नावावर मान डोलावताना माझ्याकडे का पाहिलं, ते मला चांगलंच कळलं. अच्युत मात्र माझ्याकडे बघतही नव्हता, आणि काळ्या पाण्याची खरी शिक्षा तीच होती.

सोमवारी मी कचेरीतून लवकर आलो आणि त्याच झबल्यातल्या कालिंदीला मांडीवर घेऊन गॅलरीत बसलो. दुसरं काही करण्याची मला परवानगी नव्हती. सहाला अच्युत जिना चढून आला आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसला.

सगळं बरोबर आलं होतं, त्याने समोर बघत सांगितलं. गच्ची, पायरी, सतरा खिडक्या, इंचाइंचाने. एकच गोष्ट काढायची राहिली होती, कुत्र्याची खोली. शेटला नेमकी तीच दिसली नाही. साहेबाचा चेहरा उतरला, पण अच्युतने तिथेच उभ्याने ती काढून दिली.

“माप विचारलं त्यांनी,” अच्युत म्हणाला. “म्हटलं, दहा बाय बारा, शेट. पाठच आहे मला.”

नोकरी राहिली होती. माफी मागण्याची सुरुवात मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात मांडीवर ऊबदार ओल पसरली आणि माझ्या धुवट धोतरातून खाली बाकावर थेंब पडू लागले.

अच्युतने झबल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“त्या बाजूने पाणी येणारच, चिंतामण,” तो म्हणाला. “सी साइड आहे ती.”

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच तो हसला. मी कालिंदीला तशीच मांडीवर धरून बसून राहिलो.